गावांनी सतर्क राहावे

दिवाळी अंकात समीक्षेचे पान आले की घरातली बहुतेक मंडळी ते हलकेच उलटून पुढच्या कथेकडे वळतात, हे मला ठाऊक आहे. मी स्वतः कादंबऱ्या लिहितो, त्यामुळे मला त्याचा रागही येत नाही. पण आज ज्या लेखनाची समीक्षा करायला बसलो आहे, ते आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या घरांतून ज्ञानेश्वरीच्या खालोखाल वाचले जात असेल. त्याचा लेखक अज्ञात आहे, प्रकाशक मात्र फार मोठा आहे. त्याच्या आवृत्त्या दर पावसाळ्यात निघतात, आणि किंमत वाचकालाच मोजावी लागते. कधी धानाने, कधी गुराढोरांनी, कधी जिवाने. हे लेखन म्हणजे नदीला पूर येण्यापूर्वी सरकारकडून काढला जाणारा इशारा.

कोणी म्हणेल, गुरुजी, हे काय वाङ्मय झाले? माझे शिक्षण मॅट्रिकपुरते. वाङ्मयाच्या व्याख्या मी विद्वानांवर सोपवतो. मला एवढेच कळते की एका माणसाने दुसऱ्या माणसाला काही सांगण्यासाठी शब्द जुळवले, की ते चांगले जुळले की वाईट, हे विचारण्याचा हक्क वाचकाला मिळतो. कविता फसली तर फार तर एक संध्याकाळ वाया जाते. इशारा फसला तर काय होते, ते आमच्या नद्यांकाठी विचारावे.

या नद्यांची ओळख पुण्या-मुंबईच्या वाचकांना थोडी करून दिली पाहिजे. वैनगंगा मध्य प्रदेशातल्या सिवनीकडून येते आणि भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली करीत खाली उतरते. वर्धा नदी वऱ्हाड-नागपूरकडचे पाणी गोळा करते. वढ्याजवळ तिला पैनगंगा मिळते, पुढे चंद्रपूरची इरई मिळते. वर्धा आणि वैनगंगा चपराळ्याच्या बाजूला एकत्र आल्या की त्यांची प्राणहिता होते, आणि सिरोंच्यापाशी प्राणहिता गोदावरीच्या ओटीत जाते. त्याही खाली बस्तरातून आलेली इंद्रावती आहे. म्हणजे सगळ्या विदर्भाचे, आणि विदर्भाबाहेरचेही, पाणी अखेर आमच्या अंगणातून जाते. येथे पूर येण्यासाठी येथे पाऊस पडलाच पाहिजे असे नाही. आभाळ निरभ्र असावे, अंगणात धुणे वाळत असावे आणि संध्याकाळी नदी शेतात यावी, असे येथे होते. ज्या प्रदेशात डोळ्यांना दिसणारे आभाळ खरे बोलत नाही, त्या प्रदेशातल्या माणसाला शब्दांवाचून दुसरा आधार नाही. म्हणून इशाऱ्याच्या गद्याला येथे इतके महत्त्व.

आता प्रत्यक्ष संहितेकडे वळू. या इशाऱ्यांचा साचा वर्षानुवर्षे ठरलेला आहे. धरणाच्या पाणलोट क्षेत्रात पाऊस झाल्याने पाण्याची आवक वाढली आहे. धरणाचे इतके दरवाजे अर्ध्या मीटरने उघडण्यात आले आहेत. इतका विसर्ग सोडण्यात येत आहे. तरी नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावे. चार वाक्ये. दिसायला निर्दोष. शुद्धलेखनाची चूक काढायला जागा नाही.

सातवीच्या वर्गात मी एकदा हा मजकूर फळ्यावर लिहिला आणि विचारले, “विसर्ग म्हणजे काय?” वर्गात क्षणभर शांतता. मग मागच्या बाकावरचा एक पोरगा उठून म्हणाला, “गुरुजी, विसर्ग म्हणजे दोन टिंबं. दुःखात असते ना थो.” वर्ग हसला, मीही हसलो, पण उत्तर चूक आहे असे काही मला म्हणता येईना. व्याकरणाच्या पुस्तकात त्याने तोच विसर्ग शिकलेला होता. धरणाच्या विसर्गाशी त्याची गाठ पडते ती पाणी चुलीपर्यंत आल्यावर.

विसर्गापुढे आकडा येतो. तो कधी क्युसेकमध्ये असतो, कधी क्युमेकमध्ये. एक क्युमेक म्हणजे सेकंदाला एक घनमीटर, अर्थात हजार लिटर पाणी. आणि एका क्युमेकचे सुमारे पस्तीस क्युसेक होतात. उच्चारात एका अक्षराचा फरक, पाण्यात पस्तीस पटींचा! घाईघाईने मोबाइलवर निरोप पुढे ढकलणाऱ्या गावात हा फरक किती टिकत असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. बरे, आकडा अगदी बिनचूक पोचला तरी त्याचे करायचे काय? दहा हजार घनमीटर म्हणजे आपल्या गावच्या मारुतीच्या पारापर्यंत की पारावरून? आज रात्री की उद्या दुपारी? ‘दरवाजा अर्धा मीटर उघडला’ यावरून खेड्यातल्या म्हातारीला आपल्या घराचे कवाड आठवते. ते अर्धवट उघडले तर कोंबडी तेवढी आत येते.

पण शब्द कठीण आहेत ही माझी मुख्य तक्रार नाही. कठीण शब्द माणसे शिकतात. बँक, वीजबिल आणि पीकविमा यांनी खेड्यापाड्यांना पुष्कळ कठीण शब्द शिकवले आहेत. माझी तक्रार व्याकरणाची आहे, आणि ती मास्तराच्या अधिकारात करतो. त्या चार वाक्यांतल्या क्रियापदांकडे पाहा. दरवाजे ‘उघडण्यात आले आहेत’. कोणी उघडले? कर्ता नाही. पाणी ‘सोडण्यात येत आहे’. कोण सोडतो आहे? कर्ता नाही. हा कर्मणी प्रयोग. त्यात कर्त्याला गुपचूप बाहेर बसवता येते. आणि शेवटचे वाक्य? ‘गावांनी सतर्क राहावे.’ येथे मात्र कर्ता स्पष्ट आहे, तृतीयेचा प्रत्यय लावून खणखणीत हजर केला आहे: गावांनी. म्हणजे चार वाक्यांच्या या निबंधात सत्ता ज्यांच्या हातात आहे ते कोठेच नाहीत, आणि ज्यांच्या हातात काहीही नाही ते तेवढे कर्ते आहेत. पाणी आपोआप सुटते. सावध मात्र तुम्ही व्हायचे.

ही केवळ लेखनशैलीची खोड असती तर मी दिवाळीच्या दिवसांत वाचकांना त्रास दिला नसता. पण भाषेत जो कर्ता गाळला जातो तो पुढे व्यवहारातही सापडत नाही. याचे उदाहरण ऑगस्ट २०२० च्या अखेरच्या तीन दिवसांत आमच्या भागाने पाहिले. मध्य प्रदेशात अतिवृष्टी झाली, सिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवराचे पाणी वैनगंगेत आले, आणि भंडारा जिल्ह्यातल्या गोसीखुर्द धरणाचे सर्व ३३ दरवाजे उघडावे लागले. विसर्ग तीस हजार घनमीटरच्या घरात गेला. म्हणजे सेकंदाला तीन कोटी लिटर. भंडारा शहरात पाणी शिरले. खाली ब्रह्मपुरी आणि सावली तालुक्यांतली, नदीपलीकडे देसाईगंज आणि आरमोरीकडची गावे वेढली गेली. वैनगंगेच्या दोन प्रवाहांच्या मध्ये वसलेल्या लाडजसारख्या गावाचे तर बेटच झाले. लोंबीवर येऊ घातलेले धान गाळाखाली गेले. ज्या गोसीखुर्दची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली, ज्याच्या कालव्यांच्या पाण्याची वाट या भागातल्या दोन पिढ्यांनी पाहिली, त्याचे पाणी शेतात आले ते असे.

त्या वेळी राज्याचे मदत व पुनर्वसन मंत्री विजय वडेट्टीवार होते आणि ते ब्रह्मपुरीचेच आमदार होते. म्हणजे मंत्रालय दूर आहे, मंत्र्यांना हा प्रदेश ठाऊक नाही, असे म्हणायलाही जागा नव्हती. पाऊस सिवनीत पडला ते सिवनीत माहीत होते. पाणी नदीला लागले ते नदीला माहीत होते. ते गोसीखुर्दला केव्हा येणार आणि तेथून ब्रह्मपुरीच्या काठाला केव्हा लागणार, हे गणित पाटबंधाऱ्याच्या कोणत्याही अभियंत्याला मांडता येते. पाण्याला वाट कापायला वेळ लागतो, आणि तो वेळ हीच पूरग्रस्ताची खरी पुंजी. ती पुंजी वाटेत कोठेतरी खर्च झाली: एका राज्याच्या कचेरीतून दुसऱ्या राज्याच्या कचेरीत जाताना, धरणावरून जिल्ह्याला आणि जिल्ह्यावरून तालुक्याला येताना. कोठे, हे विचारू गेलो तर उत्तर कर्मणी प्रयोगातच मिळते: कळवण्यात आले होते.

असे होणे फक्त आमच्या नशिबी आहे असेही नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, त्याच्या आदल्या रात्री धरणाच्या भिंतीवर जवान वाळूची पोती रचत होते. संकट आहे हे कोणाला तरी पक्के माहीत होते, पण सकाळी आपापल्या उद्योगाला लागलेल्या पुण्यापर्यंत ते वेळेवर पोचले नाही. ३० जुलै १९९१ रोजी आमच्याच वर्धा नदीने नागपूर जिल्ह्यातल्या मोवाड गावात दोनशेहून अधिक माणसे नेली. आणि जगातल्या सर्वांत श्रीमंत देशाची गोष्ट घ्या. २९ ऑगस्ट २००५ रोजी अमेरिकेत कॅटरिना नावाचे चक्रीवादळ धडकले, न्यू ऑर्लिन्स शहराचे बांध फुटले आणि चार पंचमांश शहर पाण्याखाली गेले. शहर रिकामे करण्याचा सक्तीचा हुकूम निघाला तो केवळ आदल्या दिवशी. हुकूम होता, ‘निघा’. ज्यांच्याकडे मोटार होती ते निघाले. ज्यांच्याकडे नव्हती, ते म्हातारे, आजारी आणि गरीब लोक मागे राहिले. कसे निघायचे हे त्या हुकमात नव्हते. मेले त्यांत म्हाताऱ्यांचा भरणा होता. इंग्रजी असो की मराठी, ‘निघा’ आणि ‘सतर्क राहा’ ही वाक्ये ज्याचे पोट भरलेले आहे आणि दारात वाहन उभे आहे अशा वाचकाला डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेली असतात.

येथे सरकारची बाजूही मांडली पाहिजे; टीकाकाराने तेवढा प्रामाणिकपणा पाळावा. पाऊस कोणा मंत्र्याने पाडलेला नसतो. धरणाचे दरवाजे वेळेवर उघडले नाहीत तर धरणच जाईल, आणि मग हाहाकाराला सीमा राहणार नाही. शोध-बचाव पथकांची माणसे फुगलेल्या नदीत बोटी घालतात, त्यांच्या धैर्याला कोणी नाव ठेवू नये. आणि लोकही सांगितले तरी लवकर घर सोडत नाहीत, ही तक्रार खरी आहे. घरात धानाची कोठी असते, गोठ्यात गाभण म्हैस असते, मागच्या वर्षी इशारा दिला होता तेव्हा पाणी आले नव्हते ही आठवण असते. पण हीच तर लेखकाची परीक्षा. माहिती दिल्याने पात्र जागचे हलत नाही, हे कादंबरी लिहिणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच पुस्तकात कळते. पात्र हलते ते ओळखीच्या आवाजाने, नेमक्या भीतीने आणि समोर दिसणाऱ्या वाटेने. म्हैस कोठे न्यायची हे ज्या इशाऱ्यात नाही, तो म्हैस असलेल्या माणसासाठी लिहिलेलाच नाही.

चांगला इशारा कसा असतो हे पाहायला फार लांब जायला नको. आमच्या सिरोंच्याच्या खाली, त्याच गोदावरीच्या काठी तेलंगणात भद्राचलम आहे. तेथे नदीचे मोजमाप घाटावर फुटांत होते. त्रेचाळीस फुटांना पहिला इशारा, अठ्ठेचाळीसला दुसरा, त्रेपन्नला तिसरा. तिथल्या लहान पोरालाही हे आकडे पाठ असतात, कारण आकडा आकाशातून पडलेला नाही, तो घाटावर उभा आहे. १९८६ च्या ऑगस्टात नदी पंचाहत्तर फुटांवर गेली होती, जुलै २०२२ मध्ये एकाहत्तरांवर. ‘शहाऐंशीच्या पुरापेक्षा चार फूट कमी’ एवढे म्हटले की ज्याने तो पूर पाहिला त्याला आपल्या भिंतीवरची खूण दिसते. आमच्या गावागावांत अशा खुणा आहेत: देवळाची पायरी, वडाचा पार, शाळेचा ओटा. त्या कोणत्याही विसर्गापेक्षा बोलक्या आहेत. पण इशाऱ्याच्या गद्यात त्यांना प्रवेश नाही.

दुसरे उदाहरण ओरिसाचे. ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात तेथे सुमारे दहा हजार माणसे गेली. पुढच्या वीस वर्षांत त्या राज्याने किनाऱ्यावर निवारे बांधले, आणि त्याचबरोबर आपली भाषाही बदलली. मे २०१९ मध्ये फनी वादळ आले तेव्हा मोबाइलवर सव्वीस लाखांवर संदेश गेले, पण त्यावरच विसंबून न राहता त्रेचाळीस हजार स्वयंसेवक गावोगाव फिरले, भोंगे वाजले, आणि कोणत्या निवाऱ्यात जायचे ते लोकांच्या बोलीत सांगितले गेले. जवळजवळ बारा लाख माणसे हलली. त्या वेळी राज्यातली जीवहानी शंभराच्या आत राहिली. वारा तोच, समुद्र तोच, आणि सरकारही याच देशातले. मग बदलले काय? इशाऱ्यात कर्ता आला: अमुक माणूस तुमच्या दारी येईल, अमुक जागी नेईल.

आमच्याकडे बोलीचा प्रश्न तर आणखी बिकट आहे. भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती यांचा संगम आहे. तेथल्या पर्लकोटेच्या जुन्या ठेंगण्या पुलावरून पाणी गेले की तालुकाच्या तालुका जगापासून तुटत असे. २०१९ च्या पावसाळ्यात हे अनेक वेळा झाले. तेथली म्हातारी माडिया बोलते. तिला ‘सतर्क’ शब्दाचा काय उपयोग? सिरोंच्याकडे घरोघर तेलुगू चालते. तेथे तर आणखी एक गंमत झाली, तिला गंमत म्हणायचे असेल तर. गोदावरीवरचे मेडीगड्डा धरण तेलंगणाने बांधले. २१ जून २०१९ रोजी त्याचे उद्घाटन झाले, त्याला आपले त्या वेळचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीसही हजर होते. पंच्याऐंशी दरवाजांचे हे धरण. दरवाजे तिकडच्या हातात आणि पाण्याचा फुगवटा इकडच्या शेतात, अशी सिरोंच्याच्या शेतकऱ्यांची तक्रार. जुलै २०२२ मध्ये तालुक्यातली कितीतरी गावे रिकामी करावी लागली. पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या धरणाचे खांबच खचले, तेव्हा चौकशा बसल्या. एका राज्याच्या कर्मणी प्रयोगात कर्ता सापडत नाही. दोन राज्ये एकत्र आल्यावर तो कोठे शोधायचा?

चंद्रपूर शहरात पुराचे गद्य नकाशावर लिहिलेले असते. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. रेषा छान आहेत. पण त्या कागदावर आहेत, जमिनीवर नाहीत. इरईकाठी गरिबाने स्वस्तात प्लॉट घेतला तेव्हा विकणाऱ्याने त्याला नकाशा दाखवला नाही, आणि घरपट्टी घेणाऱ्यानेही विचारले नाही. इरई धरणाचे सात दरवाजे उघडले, त्याच वेळी वर्धा फुगून इरईचे पाणी घेईनाशी झाली, की रहमतनगरसारख्या वस्त्यांत पाणी शिरते. जुलै २०२२ मध्ये ते शिरले. नदीकाठी कोळसा खाणींच्या मातीचे डोंगर उभे आहेत, ते पाण्याला दाबतात, हे येथला रिक्षावालाही सांगतो. ही वाक्ये मात्र कोणत्याही इशाऱ्यात येत नाहीत. त्यांना कर्ता लागतो.

आता मौज पाहा. ज्या सरकारी लेखणीला पुराआधी नेमके बोलता येत नाही, तीच पूर ओसरल्यावर विलक्षण नेमकी होते. पंचनामा वाचून पाहा. कोणाचे घर, कोणत्या दिशेची भिंत, किती फूट पडली, किती कोंबड्या, किती शेळ्या, कोणत्या गटातले किती आर धान. नाव, बापाचे नाव, वय, सही किंवा अंगठा, साक्षीदार. वास्तववादी कादंबरीकाराने हेवा करावा असे हे गद्य आहे. म्हणजे सरकारला लिहिता येत नाही असे नाही. नुकसान झालेला माणूस त्याला नावागावासह दिसतो. नुकसान व्हायच्या आधी तोच माणूस ‘नदीकाठची गावे’ होऊन जातो. पंचनाम्याची नजर इशाऱ्याला मिळाली, तर पंचनाम्यांची संख्या पुष्कळ घटेल, एवढेच माझे म्हणणे.

पूर्वी गावात कोतवाल डफडे वाजवून दवंडी देत असे. तिचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. एका रात्रीत दहा टोले आणि पाच पाडे दवंडीने जागे होत नाहीत, आणि मोबाइलचा निरोप तिच्यापेक्षा वेगवान आहे यात शंका नाही. पण दवंडीत एक गुण होता. ती देणारा समोर उभा असे. त्याला थांबवून विचारता येई, ‘का रे बाबा, पाणी कुठवर येणार?’ आणि त्याचे उत्तर चुकले, तर दुसऱ्या दिवशी तो त्याच गावात भेटत असे.

त्या सातवीच्या वर्गाला मी अखेर एक काम दिले. म्हटले, हा इशारा तुमच्या गावासाठी पुन्हा लिहा. बहुतेकांनी वर्तमानपत्री भाषा उतरवली. पोरांना ती आमच्याकडूनच लागते. एका मुलीने मात्र चारच ओळी लिहिल्या: “आज रात्री बारा वाजता नदीचं पाणी मारुतीच्या पाराला लागेल. म्हातारी माणसं आणि लहान पोरं अंधार पडायच्या आत शाळेत आणा. ढोरं टेकडीवर न्या, नाही जमलं तर दावं सोडा, बांधून ठेवू नका. काही विचारायचं असेल तर मी शाळेतच बसलो आहे. कोतवाल.”

वेळ आहे, जागा आहे, वाट आहे, ढोरांच्या दाव्याचा विचार आहे, आणि शेवटी सही आहे. मी तिला दहापैकी दहा गुण दिले. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत मंडईची आणि नाटकांची धामधूम सुरू होते, धान खळ्यावर येते, आणि पुराची आठवण माणसे हौसेने मागे टाकतात, टाकावीही. पण जलसंपदा खात्यातल्या ज्या कोणा लेखकाला पुढच्या पावसाळ्यासाठी इशाऱ्याचा मसुदा करायचा असेल, त्याला अजून सात-आठ महिने हाताशी आहेत. मुलीची वही मी जपून ठेवली आहे; मागेल त्याला नक्कल द्यायला तयार आहे.